कारण : पाणी

भीमराज ओव्हाळ बिघडलेल्या मशिनला कधीच आधी हात लावत नसे. आधी खुर्ची ओढायची, समोर बसायचं आणि चित्र बघत राहायचं. पाच मिनिटं, दहा मिनिटं, कधी अर्धा तास. मालक मागे घिरट्या घालायचे, "अहो, उघडा की आता," म्हणायचे. हा ढिम्म हलायचा नाही. व्हिडिओ गेमची मशिनं दुरुस्त करण्यात तीस वर्षं घालवल्यावर त्याच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली होती, की बिघडलेलं चित्र खोटं बोलत नाही. खोटं माणसं बोलतात. मालक म्हणतो कालपर्यंत झकास चाललं होतं, खेळणारी पोरं म्हणतात आम्ही लाथ मारलीच नाही, वायरमन म्हणतो व्होल्टेज बरोबर आहे. चित्र मात्र जे झालंय तेच दाखवतं. बघणाऱ्याकडे धीर पाहिजे, एवढंच.

पिंपरीतल्या संत तुकाराम नगरात त्याचं बालपण गेलं, पुढं संसारही त्याच घरात झाला. वडील अण्णासाहेब एका मोठ्या कंपनीत पर्मनंट होते. या पट्ट्यात तो शब्द कसा उच्चारतात, ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. इथं माणसाची जात विचारायच्या आधी कंपनी विचारतात, असं लोक मोठ्या अभिमानानं सांगतात. सांगणाऱ्यांना दोन्ही आधीच माहीत असतं, ते सोडा. पण पर्मनंट माणसाचं चालणं वेगळं असायचं हे खरं. कंपनीची बस त्याच्यासाठी थांबायची. अण्णासाहेब गळ्यातलं कार्ड घरी आल्यावर खुंटीला अडकवायचे आणि त्याला कुणी हात लावलेला त्यांना चालायचा नाही. मुलानं आयटीआयमधून इलेक्ट्रॉनिक्स केलं तेव्हा ते म्हणाले होते, "कुठंतरी चिकटून घे बाळा. हुशारी कुणी विचारत नाही, कार्ड विचारतात."

भीमराज कुठं चिकटला नाही. तो शिकून बाहेर पडेपर्यंत कंपन्यांनी पर्मनंट घेणं जवळजवळ बंद केलं होतं. मग टीव्ही दुरुस्ती, आणि त्यातून व्हिडिओ गेम पार्लरांची कामं. निगडीपासून दापोडीपर्यंत तेव्हा गल्लोगल्ली पार्लरं होती, आणि प्रत्येक पार्लरात लाकडी कपाटाएवढी मशिनं. चित्राला लाली आली, चित्र वरून खाली घसरायला लागलं, खेळणाऱ्या बाहुल्याचं डोकं धडापासून तीन बोटं बाजूला दिसायला लागलं, की भीमराजला बोलावणं यायचं. तो साधं खोडरबर घेऊन बोर्डाच्या पितळी पट्ट्या घासायचा आणि मशिन सुरू व्हायचं. लोकांना वाटायचं, जादू आहे. जादू नव्हतीच. तो नीट बघत असे, एवढंच.

आणि त्याची एक सवय होती. काम झालं की मशिनच्या मागच्या दाराच्या आतल्या बाजूला तो मार्करनं एक ओळ लिहायचा. तारीख, लक्षण, कारण आणि शेवटी भी. अ. ओ. कुणी सांगितलं नव्हतं. आपण काही इथले पर्मनंट नाही, उद्या दुसरा कुणी येईल, त्याला आंधळ्या कोशिंबिरीसारखं चाचपडायला लागू नये, एवढाच विचार. मशिनं विकली जायची, गावोगाव फिरायची. एकदा नाशिकहून एका अनोळखी माणसाचा फोन आला होता. "तुम्ही भी. अ. ओ. का? तुमचं अठरा वर्षांपूर्वीचं कारण वाचलं. बिघाड तोच निघाला." त्या दिवशी भीमराजनं बायकोला, प्रभावतीला, तो फोन चार वेळा सांगितला. तीस वर्षांत त्या दारांवर त्यानं एकही खोटं कारण लिहिलं नव्हतं.

एका खऱ्या कारणानं मात्र त्याला चांगलाच चटका दिला होता. खूप वर्षांपूर्वी आकुर्डीच्या एका पार्लरात मशिनचं चित्र सारखं चौकोन चौकोन होऊन फुटायचं. भीमराजनं उघडून बघितलं तर पंख्यावर बोटभर काजळी. मालक मशिनच्या जाळीखालीच निरांजन आणि उदबत्ती लावायचा. धूर आत ओढला जायचा, पंखा जाम, बोर्ड तापून लाल. भीमराजनं सरळ सांगितलं, "शेठ, देव तिकडं भिंतीवर घ्या. धुरानं मशिन मरतंय." मालक ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो शांतपणे म्हणाला, "आमच्या देवाचं तुम्हाला वावडं असतं, ते ठाऊक आहे आम्हाला." महिन्याभरात ते वाक्य निगडीपासून दापोडीपर्यंत पोचलं. दीड वर्ष एकाही पार्लरातून बोलावणं आलं नाही. हेच दुसऱ्या आडनावाच्या माणसानं सांगितलं असतं तर मालकानं हसून निरांजन उचललं असतं, हे भीमराजला पक्कं माहीत होतं. राग त्याचाच यायचा. बिघाड एकच, पण तो कुणाच्या तोंडून निघतो त्यावर त्याचा अर्थ ठरतो.

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. भीमराज त्यानंतर फुंकरच घालत राहिला.

पार्लरं बंद पडली. मग मॉल आले, आणि मॉलमध्ये गेम झोन. मशिनच्या पोटात आता आपल्या घरातल्यासारखा काँप्युटर असतो, त्यात चित्रासाठी वेगळं ग्राफिक्स कार्ड असतं. भीमराजनं ते पन्नाशीला आल्यावर शिकून घेतलं. मोशीच्या एका मॉलमध्ये दिग्विजयचा गेम झोन होता, तिथं तो आठवड्यातून तीनदा जायचा. दिग्विजय चाकणजवळच्या एका गावचा. घरची जमीन कारखान्यांना गेली. भावकीतल्या बाकीच्यांनी त्यावर गाड्या घेतल्या, लग्नं उडवली. यानं धंदा काढला. पोरगा वाईट नव्हता. भीमराजला 'भाऊ' म्हणायचा, चहा पाजल्याशिवाय सोडायचा नाही. आणि त्यानं एक शब्द दिला होता. हिंजवडीच्या आयटीवाल्यांसाठी मारुंजीला दुसरा गेम झोन निघणार होता. तो सुरू झाला की दोन्हीकडच्या मशिनांची जबाबदारी भीमराजकडे. पर्मनंट. लेटर दिवाळीतच, गळ्यात कार्ड, सगळं रीतसर.

बावन्नाव्या वर्षी. चष्म्याचा नंबर दरवर्षी वाढत होता, स्कूटरवरून फिरून मणके कुरकुरत होते. भीमराजला ते लेटर हवं होतं. इतकं हवं होतं की त्याची त्यालाच लाज वाटायची.

गेम झोनमध्ये अनिता होती. मोशीचीच, पस्तिशीची, शेतकऱ्याघरची. शेत कधीच इमारतीखाली गेलेलं. गिऱ्हाइकांना खेळायचं कार्ड देणं, लहान पोरांना मशिनवर बसवणं आणि सकाळी झाडूपोछा, सगळं तीच करायची. भीमराजला दादा म्हणायची, डबा खाताना आपली चटणी त्याच्या पोळीवर घालायची. नवी होती तेव्हा काच पुसायच्या पाण्याची बाटली थेट मशिनवर फवारायची. भीमराजनं तिला बसवून शिकवलं होतं. "बाई, हे भांडं नाही. फडक्यावर फवारायचं, फडकं पिळायचं, मग पुसायचं. आणि बाटली मशिनवर कधी ठेवायची नाही. काम झालं की कपाटात. कपाटाला कडी." अनितानं ते मंत्रासारखं पाळलं. तीन वर्षांत ती बाटली कपाटाबाहेर कुणाला दिसली नाही.

दसरा आला. आदल्या दिवशी दिग्विजय म्हणाला, "भाऊ, उद्या आई येणार आहे, सगळ्या मशिनांची पूजा आहे. या तुम्ही पण."

"शेठ, उद्या आमचा धम्मचक्र दिन. पिंपरीत कार्यक्रम असतो. मी दरवर्षी सुट्टी घेतो."

"हां हां, तुमचं वेगळं असतं," दिग्विजय हसून म्हणाला. हसण्यात काही नव्हतं. पण भीमराजनं ते वाक्य मनात घडी घालून ठेवलं. असली वाक्यं तो जपून ठेवायचा, नको असली तरी.

दसऱ्यानंतर तो कामावर आला तेव्हा सगळी मशिनं नटली होती. झेंडूच्या माळा, हळदीकुंकवाची बोटं, आंब्याची पानं. या पट्ट्यात दसऱ्याला लेथ असो, प्रेस असो, साधा पाना असो, पूजेवाचून राहत नाही, आणि त्यात वाईट काही नाही. ज्याच्यावर पोट चालतं त्याच्यापुढे माणूस वाकतो. भीमराजनं जाळ्यांवर पडलेल्या पाकळ्या तेवढ्या वेचल्या आणि कामाला लागला. झाकण उघडून बघावं असं त्याला वाटलं नाही. बघायला हवं होतं.

दिवाळीला आठवडा उरला आणि लाल गाडी बिघडली.

लाल गाडी आणि निळी गाडी ही तिथली राजाराणी. शेजारी शेजारी दोन सीट, दोन स्टिअरिंग, समोर दोन मोठे पडदे. सुट्टीत या दोन गाड्यांसमोर रांग लागायची. लालच्या पडद्यावर आधी गुलाबी रेघा आल्या, मग रस्त्याचे चौकोन चौकोन झाले, मग झाडं आभाळात लटकायला लागली, आणि शेवटी काळं. दिग्विजयचा सकाळी फोन. "भाऊ, दिवाळीत लाल गाडी बंद राहिली तर लोक हसतील. कार्ड गेलं असेल. नवीन मागवू का?"

"काही मागवू नका. मी येतो," भीमराज म्हणाला.

मॉल उघडायच्या आधी तो पोचला आणि नेहमीसारखा समोर बसला. मशिन चालू केलं. गेम सुरू व्हायच्या आधी काँप्युटरची जी पांढरी अक्षरं येतात, त्यांच्यावरही रेघा होत्या. म्हणजे गेमचा दोष नाही. निळीचा पडदा लालला जोडून बघितला, रेघा तशाच. पडदा निर्दोष. वायर बदलली, तसंच. मग दोन्ही गाड्यांची पोटं उघडली आणि ग्राफिक्स कार्डांची अदलाबदल केली. लालचं कार्ड निळीत, निळीचं लालमध्ये. एखादा घाईचा माणूस याआधीच नवं कार्ड मागवून मोकळा झाला असता. लालचं कार्ड निळीत गेल्यावर ठणठणीत चाललं. निळीचं चांगलं कार्ड लालमध्ये येताच तिथंही गुलाबी रेघा. म्हणजे बिघाड कार्डात नव्हता. कार्ड ज्या खाचेत बसतं, तिथं होता.

भीमराजनं बॅटरी लावली, चष्मा कपाळावर सरकवला आणि आत वाकला. खाचेच्या तोंडाशी हिरवट बुरशीसारखं काहीतरी धरलं होतं. त्याच्या वर, पत्र्यावरून, एक वाळलेला ओघळ थेट मशिनच्या छतावरच्या जाळीपर्यंत गेला होता. ओघळ चिकट होता. कडेला फिकट लाल. भीमराजनं नाक जवळ नेलं. आंबूस, गोडसर, खवट खोबऱ्यासारखा वास.

त्याला एका क्षणात सगळं दिसलं. नारळ फोडायचा आणि पाणी मशिनच्या डोक्यावर ओतायचं. विहिरीच्या मोटरवर ओततात, ट्रॅक्टरवर ओततात, लोखंडी प्रेसवर ओततात, त्यांना काही होत नाही. इथं मात्र डोक्यावर जाळी होती आणि जाळीखाली काँप्युटर. त्यात कुंकू मिसळलेलं. पंधरा दिवस ते आत बसून पितळ खात होतं.

त्यानं स्पिरिटमध्ये ब्रश बुडवून खाच धुतली, एकेक दात टोकरून साफ केला, वाऱ्यानं वाळवली. दोन तास लागले. कार्ड बसवलं, मशिन चालू केलं. रस्ता, झाडं, आभाळ, सगळं जागच्या जागी. मग त्यानं मागच्या दारावर तारीख लिहिली. लक्षण : गुलाबी रेघा, चौकोन, काळं. कारण : आणि मार्कर तिथंच थांबला.

तेवढ्यात दिग्विजय आला. सोबत त्याची आई शालनबाई. दिवाळीच्या खरेदीला मोशीत आल्या होत्या, गुडघे धरून निळ्या गाडीच्या सीटवर बसल्या.

"चालू? वा भाऊ!" दिग्विजय खूश झाला. "कार्डच होतं ना?"

"नाही शेठ. कार्ड चांगलं आहे. आत पाणी गेलं होतं."

"पाणी? इथं पाणी कुठून येणार?"

भीमराजनं तोंड उघडलं. शब्द तयार होते. तेवढ्यात शालनबाईंनी चालू पडद्याकडे बघून दोन्ही हात जोडले. "दसऱ्याला पूजा केली म्हनून वाचलं बग. न्हाईतर जळून ग्येलं असतं."

झालं. उघडलेलं तोंड तसंच राहिलं. समोर हात जोडलेली म्हातारी, शेजारी तिचा मुलगा, त्याच्या टेबलाच्या खणात लेटर, आणि कानात आकुर्डीच्या मालकाचा तो शांत आवाज. भीमराज स्क्रूड्रायव्हरकडे बघत राहिला.

दिग्विजयला उत्तर हवं होतं. ते त्यानं स्वतःच शोधलं. "अनिता! इकडे ये. मॉप कुठं पिळतेस तू?"

अनिता मॉप हातात घेऊनच आली. "बाथरूमात पिळते की, शेठ. हितं न्हाई पिळत."

"मग मशिनमध्ये पाणी कसं गेलं?"

"मला काय म्हाईत? मॉप खाली फिरतो. पानी वर चढून कसं जाईल आत?" ती भीमराजकडे वळली. "दादा, तुमी सांगा की. तुमास्नी मशिनच्या पोटातलं समदं कळतं."

प्रश्न इतका सरळ होता की भीमराजच्या एखाद्या शिष्यानं विचारला असता तर त्यानं पाठ थोपटली असती. पाणी वरूनच आलं होतं. मॉपचा संबंधच नव्हता.

"पाणी गेलंय, एवढं खरं," तो म्हणाला.

"वरून का खालून?" दिग्विजयनं विचारलं.

"वरून." मग त्यानं स्क्रूड्रायव्हर खिशात टाकला. "पुसताना कुणीतरी बाटली ठेवली असेल वर. कलंडली असेल."

कुणीतरी. तिथं पुसणारी एकच बाई होती. अनितानं भीमराजकडे नुसतं बघितलं, आणि मग नजर शालनबाईंकडे नेली, आणि मग खाली. त्या दिवशी दुपारी दिग्विजयनं तिला उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं. दिवाळी तोंडावर असताना. चोर सोडून संन्याशाला सुळी, आणि सुळावर चढवणारा हात आपला, हे भीमराजला घरी जाताना स्कूटरवर कळत होतं. स्कूटर काही मागे वळली नाही.

दारावरची ओळ त्यानं जाण्यापूर्वी पुरी केली होती. 'कारण : पाणी.' खोटं नव्हतं. तेच तर सलत होतं.

दिवाळीच्या पाडव्याला लेटर मिळालं. प्रभावतीनं ते बुद्धाच्या मूर्तीपुढे ठेवलं, मेणबत्ती लावली, शेजारच्या चार बायकांना वाचून दाखवलं. "गंगेत घोडं न्हालं एकदाचं," एक जण म्हणाली. गळ्यात घालायचं कार्ड भीमराजनं वडिलांच्या खुंटीला अडकवलं. त्या रिकाम्या खुंटीकडे इतकी वर्षं बघून बघून त्याला वाटायचं, ज्या दिवशी कार्ड तिथं लटकेल त्या दिवशी आपण पोटभर जेवू. प्रभावतीनं खीर केली होती. त्यानं दोन घास खाल्ले आणि पोट बिघडलंय म्हणाला.

फाल्गुनात मारुंजीचा झोन निघाला. उद्घाटनाच्या सकाळी शालनबाई पिशवीभर नारळ घेऊन हजर. भीमराज गळ्यात कार्ड घालून उभा होता. त्यांनी पहिला नारळ उचलला, मशिनकडे निघाल्या, आणि भीमराजला राहवलं नाही. आता लेटर होतं, म्हणून जीभ सुटली. हे त्यालाही माहीत होतं.

"आई, पाणी वर ओतू नका. आत काँप्युटर आहे. जाळीतून पाणी आत जातं, चित्र बिघडतं."

त्यानं मान आत ओढून घेतली. आता येईल ते वाक्य. वावडं, तुमचं वेगळं, जे असेल ते.

शालनबाईंनी नारळाकडे बघितलं, जाळीकडे बघितलं. "आत जातंय व्हय? आरं मग आदी न्हाई का सांगायचं? आमी हिरीच्या मोटरीवर वततो तसं वतलं. ह्येच्या पोटात काय हाय, मला काय ठावं?" आणि त्या गुडघे धरत बाहेर गेल्या, पायरीवर नारळ फोडला आणि पाणी तिथंच सोडलं. "बाहेरच बरं आई," दिग्विजय मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला.

एवढंच. एक मिनिटही लागलं नाही.

भीमराजला कुणीतरी कानाखाली मारल्यासारखं झालं. आकुर्डीचा मालक खोटा नव्हता, ते दीड वर्ष खोटं नव्हतं. पण त्या माणसाला घाबरून त्यानं या म्हातारीला तोच माणूस ठरवून टाकलं होतं. आयुष्यभर मशिनसमोर धीर धरून बसणाऱ्यानं माणसाकडे पाच मिनिटं बघितलं नव्हतं.

शालनबाई पदराला हात पुसत परत आल्या. मधेच थांबल्या. "का रं भीमराज, मंग त्या मोशीच्या लाल गाडीत बी माजंच पानी ग्येलं व्हतं का?"

"हो आई."

"आन त्या पोरीला घालवली की आपन!" त्या खुर्चीवर बसल्या. कुणावर रागावावं ते त्यांना कळेना. मग म्हणाल्या, "जा. बलवून आन तिला. म्या सांगते दिग्याला."

भीमराज त्याच दुपारी मोशीला गेला. अनिता पहिली शिफ्ट करून नुकतीच घरी आली होती. चाकणच्या एका कंपनीत ठेकेदारामार्फत पॅकिंगला लागली होती, आठ तास उभ्यानं. पाय गरम पाण्याच्या पातेल्यात सोडून दारात बसली होती. उठली नाही. "या दादा," म्हणाली. तिनं त्याच्या गळ्याकडे बघितलं. कार्ड काढून खिशात टाकायचं त्याला सुचलं नव्हतं.

"पर्मनंट झालात?"

"झालो."

"बरं झालं."

त्यानं घडाघडा सगळं सांगितलं. नारळाचं पाणी, ओघळ, वास, शालनबाईंनी बोलावलंय, दिग्विजय काही म्हणणार नाही. अनिता पातेल्यात बघत ऐकत होती.

"मला म्हाईत व्हतं," ती म्हणाली. "नारळ फोडून आईंच्या हातात मीच दिला व्हता. जाळीतनं पानी आत जाताना मी बगितलं. तवाच मनात आलं, दादा आज हितं असते तर वरडले असते."

भीमराजनं विचारलं, "मग त्या दिवशी तू बोलली का नाहीस?"

"मी? मालकाच्या आईवर मी बोट ठेवू? माझं ऐकलं असतं कुनी?" आता तिनं वर बघितलं. "तुमी तोंड उघडलं व्हतं दादा. मला वाटलं, आता म्हनतील. मी तुमच्या तोंडाकडंच बगत हुते. आन तुमी बाटली म्हनलात."

त्यानं गळ्यातलं कार्ड आता काढून खिशात टाकलं.

"बाटली कपाटात असायची, दादा. कडी लावून. तुमीच शिकवलं व्हतं."

पातेल्यातलं पाणी निवलं होतं. तिनं पाय बाहेर काढले, फडक्यानं पुसले. "न्हाई येत मी. आईंना सांगा, राग न्हाई. कंपनीत कायबी झालं तर निदान मला ठावं हाय, की माझ्या बाजूनं कुनी न्हाई." मग सवयीनं म्हणाली, "च्या ठेवू?"

तो नको म्हणाला. निरोप घ्यायला हात जोडले, तेही अर्धेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी, मॉल उघडायच्या आधी, भीमराज मोशीच्या झोनमध्ये गेला. लाल गाडीचं मागचं दार उघडलं. आपल्याच हाताची ओळ तिथं होती. त्यानं मार्कर काढला. 'पाणी'च्या मागे जागा नव्हती, म्हणून वर बारीक अक्षरात लिहिलं, 'नारळाचं'. मग खाली आणखी एक ओळ लिहिली. 'अनितानं बाटली वर ठेवली नव्हती. मी खोटं बोललो. भी. अ. ओ.'

दार लावलं, चारही स्क्रू आवळले. ते दार आता गाडी बिघडल्याशिवाय कुणी उघडणार नव्हतं. आणि त्यानं काम इतकं चोख केलं होतं, की गाडी काही लवकर बिघडणार नव्हती.